'मध्यम ते भारी, उत्तम निचऱ्याची जमीन' म्हणजे नेमकी कुठली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेतीच्या पानावर कोणत्याही पिकाचा लेख काढा. 'जमीन' या उपशीर्षकाखाली एक वाक्य ठरलेले असते : मध्यम ते भारी, पाण्याचा उत्तम निचरा होणारी जमीन निवडावी. हळदीला तेच, आल्याला तेच, उसाला तेच. आपल्याच दैनिकात असे होते असे नाही. घडीपत्रिका, मेळाव्यातली भाषणे, दुकानदाराने दिलेले कॅलेंडर, सगळीकडे हेच वाक्य फिरते. पण शेतकरी जमीन निवडत नाही, वाटणीत आली ती त्याची. शिवाय सातारा-सांगलीत ज्या रानाला आपण भारी म्हणतो त्याचा निचरा उत्तम नसतो. ज्या चिकणमातीमुळे ते रान भारी ठरते, तीच पाणी अडवून धरते. एकाच वाक्यात दोन्ही मागणे म्हणजे भर पावसाळ्यातही कोरडे राहणारे तळे मागण्यासारखे आहे.

हे वाक्य बदलावे, एवढीच आमची विनंती. ते का आणि कसे, हे सांगायला मात्र थोडी जागा लागेल.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांखालचा खडक एकच, बेसाल्ट म्हणजे काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यातून दख्खनचे पठार झाले. त्या खडकात चुना, मॅग्नेशियम, सोडियम, लोह, ॲल्युमिनियम आणि सिलिका सगळे आहे. माती कोणती व्हायची हे पुढे पावसाने आणि उताराने ठरवले. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. घाट उतरून वाईला या, तो हजाराच्या आत येतो. आणखी पूर्वेला माण, आटपाडी, जतला पाचशेच्या आसपास, तोही भरवशाचा नाही. शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत पाऊस दहापट बदलतो, असे पट्टे देशात फार नाहीत.

माथ्यावर एवढा पाऊस लाखो वर्षे खडकातून झिरपला. त्यात विरघळणारे सगळे, चुना, मॅग्नेशियम, पोटॅश आणि बरीचशी सिलिकासुद्धा, धुऊन गेले. मागे राहिले लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, म्हणजेच जांभा. पाचगणीचे टेबललँड आणि कासचे पठार ही त्याची टोपी. (कासच्या फुलांचे कौतुक होते ते या मातीच्या दारिद्र्यामुळे. चार बोटे माती, तिच्यात अन्नद्रव्य नाही, पावसाळ्यात पाणी तुंबलेले, उन्हाळ्यात तवा तापलेला. मोठे झाड तिथे तगत नाही, म्हणून छोट्या फुलांना मोकळे रान मिळते.) जांभ्यापासून आणि त्याखालच्या कुजलेल्या खडकापासून झालेली तांबडी माती आंबट असते, सामू (पीएच) साधारण साडेपाच ते साडेसहा. तिच्यातली चिकणमाती फुगत नाही, पाणी मुरते, हात लावला तर भुसभुशीत लागते. स्ट्रॉबेरीला नेमके हेच हवे असते.

पूर्वेला याच्या उलट. पाऊस इतका कमी की खडकातून सुटलेला चुना आणि सिलिका वाहून न जाता तिथेच राहिली. सिलिका, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम मिळून स्मेक्टाइट जातीची फुगणारी चिकणमाती तयार झाली. चुना थोडा खाली उतरला आणि चुनखडीचे खडे होऊन बसला. माथ्यावरून ती माती ओघळत सखल भागात साचली. म्हणून एकाच ओढ्याच्या बाजूने चालत गेलात तर वर माळावर वीतभर बरड, मधल्या टप्प्यावर दीड-दोन फूट मध्यम रान, आणि ओढ्याकाठी तीन-चार फुटांची भारी काळी. अंतर अर्ध्या किलोमीटरचे. एकाच गट नंबरात तिन्ही सापडतात, आणि खताचा डोस मात्र तिन्हींना एकच पडतो. कृष्णाकाठची मळी या हिशोबात बसत नाही. ती नदीने आणून टाकलेली, पोयट्याची (बारीक गाळाची), थरांची माती. तिथे पोयटा जास्त म्हणून निचरा बरा; 'मध्यम ते भारी आणि उत्तम निचरा' हे वाक्य जर कुठे थोडेफार खरे असेल, तर या पट्टीत.

देशाच्या नकाशात या सगळ्याला एकच काळा रंग दिलेला असतो. शाळेच्या पुस्तकात गाळाची, काळी, तांबडी, जांभी, वाळवंटी, पर्वतीय अशी नावे येतात आणि महाराष्ट्र म्हटला की काळी, काळी म्हणजे कापूस. इयत्ता नववीला हे ठीक आहे. त्या नकाशावरून खत सांगू नये.

रंगाने फसगत कशी होते ते पाहा. जत-माणकडेही तांबूस रान आढळते. ते पाहून 'लाल माती, चला स्ट्रॉबेरी' असे सल्ले निघतात. तिथला तांबूस रंग मुरमातल्या लोहाच्या गंजाचा. माती धुतली गेलेली नाही, सामू साडेसात-आठ, आणि खाली चुना. आम्लाचा थेंब टाकला की फसफसते. महाबळेश्वरच्या तांबड्या मातीत तोच थेंब गप्प बसतो. रंग जवळपास सारखाच, पण शेतीच्या दृष्टीने या दोन मातींचे एकमेकींशी काही नाते नाही.

स्फुरदाचेच (फॉस्फरसचे) घ्या. आंबट तांबड्या मातीत सुपर फॉस्फेटमधला स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमशी बांधला जातो. चुनखडीच्या काळ्या रानात तोच स्फुरद चुन्याशी बांधला जातो. दोन्हीकडे पीक उपाशी राहते, पण उपाय एक नाही. आंबट जमिनीत रॉक फॉस्फेट हळूहळू विरघळते, म्हणून जावळी-पाटणच्या डोंगरात ते चालते. तेच पोते खानापूर-कवठेमहांकाळच्या चुनखडीच्या रानात टाकले तर वर्षभर दगडासारखे पडून राहते. तिथे स्फुरद शेणखतात मुरवून, पट्ट्याने, मुळाच्या बाजूला द्यावा लागतो. लोहाचेही तसेच. उसावर केवडा पडला, म्हणजे लोहाअभावी पाने पिवळी-पांढरी झाली, की हिराकस (फेरस सल्फेट) आणून सरीत फेकतात. चुनखडीच्या मातीत ते लोह लगेच मुळाला न लागणाऱ्या रूपात जाते, पैसे मातीत जातात ते शब्दशः. एकरी १० किलो हिराकस त्याच्या दहापट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर करून, पाच-सहा दिवस सावलीत मुरवून द्यावे. उभ्या पिकाला फवारणीनेही रंग येतो, पण तो नव्या पानांपर्यंत टिकत नाही; पुन्हा द्यावी लागते. द्राक्षात डॉगरिजसारखे खुंट (ज्यांच्या मुळावर द्राक्षाचे कलम करतात) आले ते मुख्यतः क्षार आणि पाणीटंचाईमुळे. स्वतःच्या मुळावरची वेल चुन्याच्या आणि खारवट रानात लवकर पिवळी पडते.

आता भारी रान. उन्हाळ्यात त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या कधी कधी मीटरभर खोल असतात. पहिला वळीव झाला की पाणी भेगांतून थेट खाली जाते आणि पाहणाऱ्याला वाटते, काय छान मुरतेय. दोन दिवसांत माती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतर तासाला दोन-चार मिलिमीटरसुद्धा पाणी उतरत नाही. चार फूट खोल खड्ड्याची भिंत सुरीने खरवडून पाहा : अडीच-तीन फुटांवर मातीचे तिरपे, चकचकीत, घासल्यासारखे पृष्ठभाग दिसतात. फुगणारी माती स्वतःवरच घसरत राहते त्याच्या त्या खुणा. त्यांच्यामधली मुळे चपटी झालेली दिसतात. विजेचे खांब कलतात आणि विहिरीचे बांधकाम चिरते तेही याच ताकदीने. अशा रानाला 'उत्तम निचरा' कागदावर येतो, प्रत्यक्षात तो करून घ्यावा लागतो.

आल्यात आणि हळदीत कंदकुजीची फवारणी, आळवणी यांवर जेवढे छापले जाते त्याच्या दहाव्या भागाएवढेही गादीवाफ्याच्या सरीच्या तोंडाबद्दल छापले जात नाही. वाफा फूटभर उंच केला, ठिबक टाकले, सगळे झाले. पण दोन वाफ्यांमधल्या सऱ्या बांधाला जाऊन बंद झाल्या. जुलैत सलग चार दिवस पाऊस लागला की वाफ्याचा खालचा अर्धा भाग पाण्यात. कंद तिथेच असतो. कंद कुजवणाऱ्या पिथियम बुरशीला आणखी काय पाहिजे? सरीची तळी कंदाच्या खाली किमान वीतभर असावी, सरीला एका बाजूला उतार असावा, आणि सगळ्या सऱ्या बांधाच्या आतल्या आडव्या चरात सुटून तो चर ओढ्याला जावा. हे काम लागणीच्या आधी एप्रिलमध्ये होते. जुलैत चिखलात कुणी करू शकत नाही.

भारी रानात वाफसा (मशागतीजोगी ओल) फार थोडा वेळ टिकतो. ओल जास्त असताना रोटाव्हेटर फिरवला तर वरचे पाच-सहा इंच मऊ दिसतात आणि त्याखाली पात्यांनी चोपून कडक थर तयार होतो. पुढच्या वर्षी पीक पिवळे पडले की नत्र कमी म्हणून युरिया जातो. त्यापेक्षा पहार टोचून पाहावी. सहा इंचांवर अडकली आणि नंतर सटकन गेली, तर दुखणे तिथे आहे. साखर कारखान्यांच्या हंगामात ओल्या रानात ट्रॅक्टर-ट्रॉल्या फिरतात, त्यांनी हाच थर आणखी खोल जातो.

हलक्या रानाचे दुखणे निराळे. एक फूट मुरमाड मातीत पिकाला घेता येईल असे पाणी ३० मिलिमीटरच्या आसपास असते. उन्हाळ्यात पीक रोज पाच-सहा मिलिमीटर उचलते. म्हणजे पाच-सहा दिवसांत कणगी रिकामी. मीटरभर भारी जमिनीत हाच साठा १८० ते २०० मिलिमीटरचा असतो. म्हणून मुरमाडाला थोडे थोडे आणि वारंवार, भारीला सावकाश आणि अंतराने. ठिबकचे पाणी भारी मातीत आडवे पसरते, मुरमाडात सरळ खाली जाते. ड्रिपरमधले अंतर भारीत ५०-६० सेंटिमीटर चालते, हलक्यात ३०-४० हवे. दुकानात मात्र जे रीळ शिल्लक असेल ते मिळते.

पण हेच हलके रान डाळिंबाला लाभते. बहार धरायचा तर झाडाला ताण बसला पाहिजे. मुरमाडात पाणी तोडले की ठरल्या दिवसांत पाने पिवळी होऊन झडतात. तीन फूट काळ्या रानात पाणी तोडून महिना झाला तरी मुळाला खालची ओल मिळत राहते, ताण धड बसत नाही, फुले मागेपुढे निघतात, आणि ओल धरून ठेवणाऱ्या मातीत मर रोगालाही वाव मिळतो. आटपाडी-माणमधल्या बागा पाहून काळ्या रानात डाळिंब लावणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे.

गाळाबद्दल दोन शब्द. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेमुळे तलावाचा गाळ रानात टाकण्याची चाल वाढली, आणि मुरमाड माळाला तो वरदान आहे. पण हिशोब कुणी छापत नाही. एका एकरावर एक इंच थर द्यायचा तर सुमारे १०० घनमीटर, म्हणजे ३६ ब्रास गाळ लागतो. दहा ट्रॉल्या टाकून 'गाळ भरला' म्हणणे हे समाधान आहे, सुधारणा नाही. तो गाळ खालच्या मातीत मिसळला नाही तर वर पापुद्रा धरतो आणि पावसाचे पाणी आत न जाता वरून वाहते. शिवाय गाळाचीही परीक्षा लागते, कारण चुनखडीच्या शिवारातून आलेला गाळ चुनाच घेऊन येतो. आणि भारी रानात गाळ टाकणे म्हणजे दुखण्यात भर.

आता ज्या विषयावर सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो : 'क्षारपड'. वाळवा, पलूस, मिरज या नदीकाठच्या तालुक्यांचा उल्लेख आला की हा शब्द येतो, आणि त्यामागोमाग 'जिप्सम टाकावे'. क्षारपड हे एका रोगाचे नाव नाही. त्यात किमान तीन प्रकार आहेत आणि त्यांची औषधे वेगळी.

खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त, सामू साडेआठच्या आत. उन्हाळ्यात वरंब्याच्या माथ्यावर पांढरे मीठ फुटते, उगवण ठिगळाठिगळाने होते, पण माती हाताला भुसभुशीत असते. चोपण जमिनीत क्षार थोडे, पण मातीच्या कणांना सोडियम चिकटलेले. सामू साडेआठच्या वर. ओली असताना साबणासारखी निसरडी, वाळली की विटेसारखी, वर काळपट तेलकट डाग. तिसरी खारवट-चोपण, दोन्ही एकत्र.

खारवट रानात जिप्समचा उपयोग नसतो. तिथे हवे असते पाणी आणि ते निघून जायला वाट. फूटभर मातीतले सुमारे ८० टक्के क्षार धुवायचे तर फूटभर गोडे पाणी त्या मातीतून खाली निघून गेले पाहिजे. एकरी ते बारा लाख लिटरच्या वर होते. खाली वाट नसेल तर हे पाणी भूजल वर आणते आणि क्षार पुन्हा वर येतात, आधीपेक्षा जास्त. चोपणात जिप्सम हवे, पण किती? मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम एक मिलिइक्विव्हॅलंटने (हे त्याचे मोजमाप, १०० ग्रॅम मातीमागे) कमी करायला वरच्या १५ सेंटिमीटर थरासाठी हेक्टरी साडेसतराशे ते एकोणीसशे किलो शुद्ध जिप्सम लागते. आपल्या भारी मातीची धन आयन विनिमय क्षमता (मातीचे कण कॅल्शियम, सोडियमसारखी द्रव्ये किती धरून ठेवतात ते माप) ५० आणि विनिमययोग्य, म्हणजे कणांना चिकटलेला, सोडियम तिच्या १५ टक्के असेल, तर तो ५ टक्क्यांवर आणण्यासाठी पाच मिलिइक्विव्हॅलंट काढावे लागतील, म्हणजे एकरी साडेतीन ते चार टन. बाजारात सांगितली जाते 'एकरी चार पोती'. चार पोत्यांनी गंधकाचे खत मिळेल, चोपण हलणार नाही. बहुतेक वेळा गरजेच्या निम्मे जिप्सम देऊन बाकी काम धैंचा या हिरवळीच्या खतावर सोडतात : एकरी २० किलो बियाणे, फुलोऱ्याच्या सुमारास ४५-५० दिवसांत गाडणे. जिप्सम वरच्या पाच-सहा इंचांतच मिसळावे, खोल नांगरून गाडू नये, आणि त्यावर पाणी देऊन सुटलेला सोडियम धुऊन काढावा. धुतलाच नाही, तर तो जागेवरच असतो.

खारवट-चोपणात क्रम चुकला तर नुकसान. आधी धुतले तर क्षार जातात, सोडियम राहतो आणि भुसभुशीत वाटणारे रान चार महिन्यांत चोपणते. आधी जिप्सम, मग पाणी.

मातीत मुक्त चुना भरपूर असेल तर जिप्समऐवजी गंधक चालते, जिवाणू त्याचे आम्ल करतात आणि आम्ल चुन्यातून कॅल्शियम सोडवते. वजनाने जिप्समच्या पाचव्या हिश्शापेक्षा किंचित कमी लागते, पण ओल, ऊब आणि दोन-तीन महिने द्यावे लागतात. लागणीच्या आदल्या दिवशी टाकून काही होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी उत्तरेच्या पुस्तकातून जशीच्या तशी उचलली जाते. सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण, हे माप. आपल्या फुगणाऱ्या काळ्या मातीत पाच-सहा टक्क्यांपासूनच पाणी मुरणे मंदावते. अहवालात ९ पाहून 'धोका नाही' म्हणणारा त्या मातीला ओळखत नाही.

सच्छिद्र पाइपच्या निचरा योजनांबद्दल आपण अधूनमधून छापता, ते चांगले आहे. पण त्या का फसतात तेही यावे. ८० मिलिमीटरच्या छिद्रांच्या पाइपला गाळणीचे कापड नसले तर दोन पावसाळ्यांत गाळ भरतो. साडेतीन-चार फूट खोलीवर टाकलेल्या पाइपला शंभर मीटरमागे १० ते २० सेंटिमीटर उतार लागतो. लेव्हल मशीन न लावता जेसीबीच्या चालकाच्या नजरेवर सोडले की मध्येच पोट पडते आणि पाणी तिथे थांबते. आणि सर्वांत मोठे कारण : ओढा स्वतःच गाळाने भरून पाइपच्या तोंडापेक्षा उंच झालेला असतो. ओढा खोल केल्याशिवाय शेतात एक मीटरही पाइप टाकू नये. तोंडाला जाळी आणि उघडझाप झडप हवी, नाहीतर पुराचे पाणी उलटे आत शिरते. स्वस्त म्हणून मोल नांगराने (मातीखाली बोगदा पाडणाऱ्या) निचरा करतात, तो दगड नसलेल्या भारी मातीत तीन-चार वर्षे चालतो, पण चोपणात नाही. तिथली माती पाण्यात पसरते आणि बोगदा पहिल्याच पावसाळ्यात बुजतो.

हे सगळे ओळखायचे कसे? मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते. तिच्यात १२ गोष्टी असतात : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. खोली नाही, पोत नाही, चुना नाही, सोडियम नाही, निचरा नाही. शिवाय सुरुवातीच्या फेऱ्यांत नमुना बागायतीत अडीच आणि जिरायतीत दहा हेक्टरांच्या चौकटीतून घेत, तो तुमच्याच रानातला असेल असे नव्हते. गंमत म्हणजे १८४७ च्या अहवालात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्याच्या जमीन प्रतवारीसाठी जी पद्धत पक्की केली, तिची सुरुवातच खोलीपासून होती. पावणेदोन हात खोल, एकसारखी काळी माती असेल तर सोळा आणे. खोली आणि पोत घटेल तसे खाली दोन आण्यांपर्यंत. आणि चुनखडी, वाळू, उतार, पाणी न मुरणे, उपळ (जमिनीतून पाझर फुटणे) यांसाठी प्रत कमी. सातबाऱ्यावरचा आकार त्यातूनच आला. हेतू सारावसुलीचा होता, पण माणूस पहार घेऊन मातीत उतरत होता.

म्हणून एक खड्डा घ्या. वैशाखात किंवा ऊस तुटल्यावर, तीन बाय दोन फूट, खोली तीन फूट, बांधापासून आणि उकिरड्यापासून दूर, रानातल्या बऱ्या आणि वाईट जागी एकेक. उन्हाकडची भिंत सुरीने खरवडा. मुळे कुठे थांबली ते आधी बघा, ती सगळे सांगतात. गंजाचे लाल ठिपके किंवा राखी डाग असतील, तर तिथे वर्षातून काही दिवस पाणी उभे राहते. दर फुटावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका, फसफसला तर चुना. चिमूटभर माती भिजवून अंगठ्याने पट्टी काढा. दोन इंचांहून लांब निघाली तर भारी, इंचभरात तुटली तर हलकी. मग हरभऱ्याएवढे कोरडे ढेकूळ ग्लासातल्या पावसाच्या किंवा बॅटरीच्या पाण्यात सोडा, हलवू नका. ते फुटून तळाला बसले आणि पाणी स्वच्छ राहिले तर ठीक. त्याच्याभोवती दुधाळ धुके पसरले, तर सोडियम आहे, प्रयोगशाळेत विनिमययोग्य सोडियम तपासून घ्या. बोअरचे पाणी वापरू नका. त्यातले क्षार धुके लपवतात. शेवटी खड्ड्यात एकदा पाणी भरून जिरू द्या, दुसऱ्यांदा भरून तासाला किती उतरते ते मोजा. एक सेंटिमीटरही उतरले नाही तर आले-हळदीच्या आधी निचऱ्याचा खर्च धरा.

फळबागेसाठी नमुने ० ते १, १ ते २ आणि २ ते ३ फूट असे वेगळे द्या, एकत्र मिसळू नका. खताच्या रिकाम्या पोत्यात माती भरू नका, अहवाल त्या खताचा येतो.

आमची मागणी साधी आहे. पिकाच्या लेखात 'जमीन' या शीर्षकाखाली चार ओळी द्याव्यात : किती खोलीपर्यंत मूळ जाते, किती चुना चालतो, किती क्षार-सोडियम चालतो, आणि पाणी थांबल्यास किती तासांत पीक खराब होते. लेखकाला यातले काही माहीत नसेल तर जागा रिकामी सोडावी, पण ते जुने वाक्य लावू नये.

कळावे,
आपले,
माती व पाणी परीक्षणाचे काम करणारे काही जण,
विटा, जि. सांगली

ता. क. क्षारतेचा आकडा छापताना तो कशातला आहे तेही छापावे. पत्रिकेतला आकडा बहुधा एक भाग माती, अडीच भाग पाणी या द्रावणाचा असतो, आणि तिथे १ डेसिसायमन प्रति मीटरच्या (क्षारतेचे एकक) वर गेला की सावध व्हायचे. पुस्तकातला ४ हा आकडा संपृक्त मातीच्या अर्काचा, तो काळ्या जमिनीत पहिल्याच्या साधारण तिप्पट येतो. पत्रिकेवर १.६ पाहून '४ च्या आत आहे' म्हणत उसाची आडसाली (पावसाळ्यातली) लागण केलेली राने आमच्याकडे नमुन्याला येतात, तोवर ऊस गुडघ्याएवढा झालेला असतो.